ठाणे = ०, डोंबिवली = ५: पूर्णांक आणि विरुद्ध संख्या पहिल्यापासून

हे कोणासाठी आहे ते आधी सांगते. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसताय, शाळा सुटून बरीच वर्षं झालीत, किंवा मुलगा-मुलगी सहावीत आहे आणि रात्री वही पुढे करून विचारतात की "आई, मायनस तीन वजा मायनस चार किती?" आणि तुम्ही म्हणता बाबांना विचार, आणि बाबा म्हणतात क्लासच्या सरांना विचार, अशा सगळ्यांसाठी. मी स्वतः सतरा नंबरनेच दहावी दिली आणि मला बीजगणितात त्रास मोठ्या सूत्रांनी नाही दिला, वजाच्या चिन्हाने दिला. आता कळव्याला घरीच शिकवण्या घेते आणि बघते ना, दहावीचं पोरगं असो नाहीतर पोलीस भरतीची तयारी करणारा दादा, गाडी अडते ती इथेच. बाकी सगळं येत असतं, चिन्ह चुकतं आणि अख्खं गणित जातं.

सगळं एका दिवशी वाचून संपवू नका. एक पायरी झाली की वहीत करून बघा, मग पुढची.

काय काय लागेल

- गणिताची चौकटीची वही (चौकटीच पाहिजेत, का ते खाली कळेल)
- पट्टी, पेन्सिल, खोडरबर, दोन रंगांची पेनं
- सहावी आणि सातवीचं बालभारतीचं गणिताचं पुस्तक. ई-बालभारतीच्या साइटवर पीडीएफ फुकट मिळतं, विकत घ्यायलाच पाहिजे असं नाही
- फोनमधला कॅल्क्युलेटर, पण फक्त उत्तर ताडून बघायला. दहावीच्या बोर्डाच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, त्यामुळे त्याची सवय लावून घेऊ नका

गाईड घेऊ नका, निदान या धड्यासाठी तरी. गाईडात उत्तर असतं, ते तसं का आलं ते नसतं, आणि इथे सगळी मारामारी त्या "का"चीच आहे.

१. आधी नावं सरळ करून घ्या

तीन नावं आहेत आणि तिन्ही एकमेकांसारखी वाटतात.

नैसर्गिक संख्या म्हणजे मोजायच्या: १, २, ३, ४ आणि पुढे.
पूर्ण संख्या म्हणजे त्यातच शून्य घातलं: ०, १, २, ३...
पूर्णांक संख्या म्हणजे त्यात ऋण पण आल्या: ... −३, −२, −१, ०, १, २, ३ ...

पूर्ण आणि पूर्णांक यात एका "अंक"चा फरक आहे आणि परीक्षेत नेमकं तेच विचारतात. सेमीवाल्या मुलांना होल नंबर आणि इंटिजर अशी वेगळी नावं असतात म्हणून त्यांचा गोंधळ कमी होतो, मराठी माध्यमवाल्यांनी जरा जपून. अजून एक, पुढे नववीला संचाचं चिन्ह येतं तेव्हा स्टेट बोर्डाच्या पुस्तकात पूर्णांकांसाठी आय हे अक्षर वापरतात आणि इतर बऱ्याच पुस्तकांत आणि व्हिडिओंत झेड. दोन्ही एकच, घाबरू नका.

२.५ पूर्णांक नाही, −१/२ पण नाही. पण ६/२ आहे, कारण ते ३ आहे. आणि शून्य पूर्णांक आहे पण ते धनही नाही आणि ऋणही नाही. "शून्य धन की ऋण?" हा चूक की बरोबर मध्ये हमखास येणारा प्रश्न आहे.

२. रेषा काढा, ठाणे स्टेशनला शून्य ठेवा

पुस्तकात संख्यारेषा असते, सगळे ती बघतात आणि पान उलटतात. तसं नका करू. वही आडवी धरा, मधोमध एका चौकटीच्या रेघेवर ० लिहा आणि खाली "ठाणे". आता स्लो लोकल धरायची, फास्ट नाही, म्हणजे एकही स्टेशन सुटायला नको. दर दोन चौकटींवर एक स्टेशन.

उजवीकडे कल्याणची बाजू, ती अधिक:
कळवा १, मुंब्रा २, दिवा ३, कोपर ४, डोंबिवली ५, ठाकुर्ली ६, कल्याण ७

डावीकडे मुंबईची बाजू, ती वजा:
मुलुंड −१, नाहूर −२, भांडुप −३, कांजूरमार्ग −४, विक्रोळी −५, घाटकोपर −६, विद्याविहार −७, कुर्ला −८

रेषेच्या दोन्ही टोकांना बाण काढा, कारण आकडे संपत नाहीत (लोकल संपते, तो तिचा प्रॉब्लेम).

मला इथे एक गोष्ट फार आवडते. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली तेव्हा रूळ ठाण्यालाच संपत होते, पुढे कल्याणपर्यंत १८५४ मध्ये गेले. म्हणजे वर्षभर आपल्या शून्याच्या एकाच बाजूला रूळ होते. पूर्ण संख्यांची रेषा अगदी तशीच असते, शून्यापासून एकाच बाजूला. दुसऱ्या बाजूला रूळ टाकले की ती पूर्णांकांची झाली.

नवी मुंबईवाल्यांनी वाशीला शून्य धरा. पनवेलकडे सानपाडा १, जुईनगर २, नेरुळ ३, सीवूड्स-दारावे ४, बेलापूर ५. मुंबईकडे मानखुर्द −१, गोवंडी −२, चेंबूर −३, टिळकनगर −४, कुर्ला −५.

आता नीट बघा, कुर्ला दोन्हीकडे आलं. ठाण्याच्या रेषेवर −८, वाशीच्या रेषेवर −५. स्टेशन तेच आहे, जागचं हललेलं नाही, पण शून्य कुठे ठेवलं त्याच्यावर त्याचा आकडा ठरला. आणि कल्याणच्या बाजूला वजा धरलं असतं तर कुर्ला +८ झालं असतं. म्हणजे ऋण असणं हा कुठल्या वस्तूचा दोष नाहीये, आपण शून्य कुठे ठेवलं आणि कुठली बाजू अधिक म्हटली एवढाच तो प्रश्न आहे. गणिताच्या पुस्तकात उजवी बाजू अधिक हे सगळ्यांनी मिळून ठरवलेलं आहे, म्हणून आपणही तेच पाळायचं.

सावध राहा:

- स्टेशनं मोजा, किलोमीटर नाही. खऱ्या रुळावर स्टेशनांमधली अंतरं सारखी नाहीत. वहीत मात्र सारखीच पाहिजेत, म्हणून चौकटी.
- रेल्वेत सीएसएमटीकडे जाणारी गाडी अप आणि कल्याणकडची डाउन. इथे आपण डाउनला अधिक म्हणतोय. रेल्वेत काम करणारा कोणी घरात असेल तर वाद घालत बसू नका.
- शून्य गाळलेली रेषा. नव्या टॉवरच्या लिफ्टमध्ये बघा, बी१ (तळघर) नंतर कुठे जी (तळमजला), कुठे पी१ (पार्किंग), कुठे थेट १. थेट १ असेल तिथे वजाबाकी करून मजले मोजायला गेलात तर एकाने चुकाल. इतिहासातल्या सनांचंही तसंच, इसवी सनात शून्य वर्ष नाही, इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं. त्यामुळे इ.स.पू. ५ ते इ.स. ५ हे अंतर दहा वर्षांचं नाही, नऊ वर्षांचं आहे. स्पर्धा परीक्षावाल्यांनी हे लिहून ठेवा.

३. लहान कोण, मोठा कोण

नियम एकच: रेषेवर जो उजवीकडे तो मोठा. बस्स.

−८ आणि −३ मध्ये मोठा −३, कारण भांडुप कुर्ल्याच्या उजवीकडे आहे. इथे मुलं म्हणतात "पण आठ तर तीनपेक्षा मोठा ना." आठ मोठा आहे, −८ नाही. कुर्ला ठाण्यापासून जास्त लांब आहे हे खरं, पण लांब असणं वेगळं आणि मोठं असणं वेगळं.

हे "किती लांब" याला वेगळं नाव आहे, केवल मूल्य, आणि ते संख्येच्या दोन्ही बाजूंना उभ्या रेघा मारून लिहितात: |−८| = ८, |८| = ८, |०| = ०. अंतर कधी ऋण नसतं, म्हणून केवल मूल्यही कधी ऋण येत नाही.

चढता क्रम विचारला (−७, ३, ०, −१२, ५) तर आधी ऋण वेगळे काढा, त्यातला सगळ्यात लांबचा पहिला लिहा: −१२, −७, ०, ३, ५. शून्य लिहायला विसरणारे फार असतात, उत्तरात आकडे तितकेच आहेत ना ते मोजून घ्या.

४. विरुद्ध संख्या: इथे थांबा, घाई करू नका

शून्यापासून तितक्याच अंतरावर, पण दुसऱ्या बाजूला जी संख्या असते ती विरुद्ध संख्या.

डोंबिवली ५, विक्रोळी −५. दोघी एकमेकींच्या विरुद्ध. दिवा आणि भांडुप. कल्याण आणि विद्याविहार. वाशीच्या रेषेवर नेरुळ आणि चेंबूर.

खरंच बघायचं असेल तर रेषा काढलेलं ते पान फाडा (हो, फाडा, वही कशासाठी असते) आणि ठाण्यावर बरोबर उभी घडी घाला, आकडे बाहेरच्या बाजूला ठेवून. मग ते ट्यूबलाइटसमोर धरा. डोंबिवलीच्या मागे विक्रोळी दिसली पाहिजे, दिव्याच्या मागे भांडुप. थोडं इकडेतिकडे दिसत असेल तर तुमच्या चौकटी सारख्या मोजलेल्या नाहीत, परत काढा. आणि घडीवर कोण आलं? शून्य. ते स्वतःवरच पडलं. म्हणून शून्याची विरुद्ध संख्या शून्यच. असं वागणारी ती एकटीच.

दोन गोष्टी इथून लगेच मिळतात.

एक, संख्या आणि तिची विरुद्ध संख्या यांची बेरीज कायम शून्य: ५ + (−५) = ०. डोंबिवलीहून मुंबईकडे पाच स्टेशनं गेलात की ठाण्याला उतरलात. वरच्या वर्गात यालाच बेरीज व्यस्त म्हणतात.

दोन, विरुद्धाची विरुद्ध म्हणजे मूळ संख्या. घडी घातली आणि उलगडली, आहे तिथेच. −(−७) = ७. आणि −(−(−७))? तीनदा उलटलं, म्हणजे −७. वजा सम वेळा असेल तर मूळ संख्या, विषम वेळा असेल तर विरुद्ध.

आता इथल्या चुका:

- "विरुद्ध संख्या सांगा" म्हटलं की डोळे झाकून पुढे वजा लावतात. −९ ची विरुद्ध ९ आहे. विरुद्ध म्हणजे ऋण नव्हे, विरुद्ध म्हणजे दुसरी बाजू.
- विरुद्ध आणि केवल मूल्य एकच समजतात, कारण −६ घेतलं तर दोन्हीचं उत्तर ६ येतं. पण ६ घेऊन बघा: विरुद्ध −६, केवल मूल्य ६. म्हणून समजलंय का ते तपासायला नेहमी धन संख्या द्या, ऋण दिलीत तर तुक्का लागतो.
- ५ ची विरुद्ध १/५ लिहितात. तो गुणाकार व्यस्त, वेगळी भानगड आहे. तिथे गुणाकार १ येतो, इथे बेरीज ० येते.
- अक्षर आलं की सगळं विसरतात. "−क ही ऋण संख्या आहे", चूक की बरोबर? चूक. क जर −४ असेल तर −क म्हणजे ४. पुढे वजा दिसला म्हणून ऋण असं नसतं. हा एक प्रश्न ज्याला कळला त्याचं अर्धं बीजगणित सुटलं असं मी म्हणेन.

५. वजाचं चिन्ह दोन कामं करतं

दोन संख्यांच्या मध्ये असेल तर "यातून हे काढ". एकट्या संख्येच्या पुढे असेल तर "हिच्या विरुद्ध". चिन्ह दिसायला तेच, म्हणून डोकं फिरतं.

इंजिनिअरिंगच्या मुलांकडे कॅसिओचा सायंटिफिक कॅल्क्युलेटर असतो तो मागून घ्या आणि बघा, त्याच्यावर वजाची दोन बटणं आहेत, एक साधं आणि एक कंसात घातलेलं. कंसातलं ते विरुद्धवालं. बऱ्याच फोनच्या कॅल्क्युलेटरवरही अधिक-वजा एकत्र असलेलं एक बटण असतं, ५ टाकून ते दाबा, −५, परत दाबा, ५. तेच आपलं घडीचं पान.

म्हणून मी शिकवताना दोन रंगांची पेनं लावते. वजाबाकीचा वजा निळा, विरुद्धचा वजा लाल. −२ − (−६) लिहायचं तर पहिला लाल, मधला निळा, कंसातला लाल. सुरुवातीची काही पानं हे केलंत की नंतर रंगांशिवायही डोळ्यांना दिसायला लागतं. आणि ऋण संख्या मध्ये किंवा शेवटी आली तर कंस घालाच, ४ + −७ असं लिहू नका, ४ + (−७) लिहा.

(लाल-निळ्यावरून आठवलं, चीनमध्ये फार पूर्वी हिशोबाच्या काड्या असायच्या, त्यात धन लाल आणि ऋण काळ्या. आपण तोट्याला लाल म्हणतो, ते उलट करायचे. तेव्हा रंग कुठलाही घ्या.)

६. बेरीज

पहिली संख्या म्हणजे तुम्ही कुठल्या स्टेशनवर उभे आहात. दुसरी संख्या म्हणजे किती स्टेशनं आणि कुठल्या बाजूला.

−३ + ५: भांडुपला उभे, कल्याणच्या बाजूला पाच. नाहूर एक, मुलुंड दोन, ठाणे तीन, कळवा चार, मुंब्रा पाच. उत्तर २.

४ + (−७): कोपरला उभे, मुंबईकडे सात. दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे, मुलुंड, नाहूर, भांडुप. उत्तर −३.

−२ + (−४): नाहूरहून मुंबईकडे चार, घाटकोपर, −६.

सगळ्यात कॉमन घोळ: ज्या स्टेशनवर उभे आहात तेच "एक" मोजणं. उभे आहात ते शून्य, गाडी हलून पुढचं स्टेशन आलं की एक. मुलांचं उत्तर एकाने चुकत असेल तर नव्वद टक्के हेच असतं, बाकी काही शोधू नका. आणि ठाणे गाळून पुढे उडी मारणारेही आहेत, शून्य हेसुद्धा स्टेशन आहे.

मोठ्या आकड्यांना रेषा पुरत नाही. −४८ + ३१ घ्या. इथे विरुद्धाचं जोडपं कामाला येतं: −४८ म्हणजे −३१ आणि −१७. त्यातला −३१ आणि आपला ३१ मिळून शून्य. उरला −१७. म्हणजे चिन्हं वेगळी असली की केवल मूल्यांची वजाबाकी करा आणि ज्याचं केवल मूल्य मोठं त्याचं चिन्ह द्या, चिन्हं सारखी असली की बेरीज करा आणि तेच चिन्ह ठेवा. हा नियम नवा नाही, ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धान्तात धन, ऋण आणि शून्य यांचे नियम लिहिले त्यात हे आहे, धन आणि ऋण यांची बेरीज म्हणजे त्यांच्यातला फरक, आणि दोन्ही सारखे असतील तर शून्य.

७. वजाबाकी म्हणजे विरुद्ध संख्या मिळवणं

पुस्तकात हे एका ओळीत लिहिलेलं असतं आणि त्या एका ओळीवर सगळी वजाबाकी उभी आहे: एखादी संख्या वजा करायची म्हणजे तिची विरुद्ध संख्या मिळवायची.

३ − (−४) = ३ + ४ = ७
−३ − ५ = −३ + (−५) = −८
−२ − (−६) = −२ + ६ = ४

पाठ करायला सोपं आहे, पण असं का? वजाबाकी म्हणजे फरक, आणि फरक म्हणजे दुसऱ्या संख्येपासून पहिलीपर्यंत जायला किती आणि कुठल्या बाजूला जावं लागतं ते. ३ − (−४) म्हणजे कांजूरमार्गहून (−४) दिव्याला (३) जायचंय. मोजा: ठाण्यापर्यंत चार, पुढे तीन, एकूण सात, कल्याणच्या बाजूला. म्हणून +७. कोणी "वजा वजा अधिक" म्हटलं म्हणून नाही, तिथे खरंच सात स्टेशनं आहेत म्हणून.

आता उलटं करा, −४ − ३. दिव्याहून कांजूरला. स्टेशनं तीच सात, पण मुंबईकडे. −७. म्हणजे दोन संख्यांची अदलाबदल करून वजाबाकी केली की उत्तर बरोबर विरुद्ध येतं. हे हाताशी असू द्या, पुढे दोन बिंदूंमधलं अंतर, श्रेढी, सगळीकडे उपयोगी पडतं.

करताना बदलायच्या गोष्टी दोनच: मधला वजा अधिक होतो आणि दुसरी संख्या तिच्या विरुद्ध होते. पहिल्या संख्येला हात लावायचा नाही. −२ − (−६) मध्ये उत्साहाच्या भरात पहिल्या −२ चं पण २ करून टाकतात. नाही. तुम्ही नाहूरला उभे आहात, तुम्हाला कोणी हलवलेलं नाही.

८. "मायनस मायनस प्लस" हे तोंडातून काढून टाका

सॉरी, पण हे स्पष्टच बोलते. या तीन शब्दांनी जितकं नुकसान केलंय तितकं कशानेच नाही. क्लासमध्ये घोकून घेतात आणि मग मूल −३ − ५ बघतं, त्यात दोन मायनस दिसतात, झालं, उत्तर +८. भांडुपला उभा असलेला माणूस मुंबईकडे पाच स्टेशनं जाऊन दिव्याच्याही पुढे कसा पोचेल?

ते वाक्य खरं आहे दोनच ठिकाणी. एक, दोन वजा एकालाच चिकटून लागोपाठ असतील, −(−५), म्हणजे विरुद्धाची विरुद्ध. दोन, गुणाकार-भागाकारात, (−३) × (−५) = १५, कारण −१ ने गुणणं म्हणजे विरुद्ध घेणं आणि इथे दोनदा घेतलं. बेरजेत ते लावायचं नाही. घरी कोणाला शिकवत असाल तर हे वाक्य सुरुवातीला वापरूच नका, सातवीत गुणाकार आला की मग बघू.

९. दहावीवाल्यांनी हे वेगळं बघा

वर्गसमीकरणाच्या सूत्रात सुरुवातच −बी ने होते (बी म्हणजे एक्सला गुणणारा आकडा, चिन्हासकट). समीकरणात बी −५ असेल तर −बी म्हणजे ५, −५ नाही. आणि बीचा वर्ग २५, −२५ नाही. एक्सचा वर्ग − ५एक्स + ६ = ० सोडवून बघा, ३ आणि २ यायला हवेत. −३ आणि −२ आले तर −बी ला विरुद्ध न घेता तसंच टाकलंय.

(−३)² = ९ पण −३² = −९, कारण दुसऱ्यात आधी वर्ग होतो आणि मग विरुद्ध. ऑफिसात एक्सेलवर बसणाऱ्यांनी ध्यानात ठेवा, एक्सेल अशा ठिकाणी ९ देतं, त्याचा क्रम वेगळा आहे. पेपरात −९ च.

अंकगणिती श्रेढीत १०, ७, ४, १ ... चा सामान्य फरक काढताना दुसऱ्यातून पहिला वजा करायचा, ७ − १० = −३. उलटं केलंत तर ३ येतो, म्हणजे नेमकी विरुद्ध संख्या, आणि पुढची सगळी पदं उलट्या बाजूला पळतात. पाचवं पद −२ आलं पाहिजे.

१०. सराव

रेषा समोर ठेवून करा, मग परत रेषा झाकून.

१) विरुद्ध संख्या लिहा: १३, −२७, ०, −(−४)
२) चढता क्रम: −९, ४, −१५, ०, −१
३) −६ + ११
४) −१४ + ९
५) −८ + (−७)
६) ५ − १२
७) −५ − १२
८) −५ − (−१२)
९) ० − (−२०)
१०) |−९| − |४|
११) फ्रीजरमध्ये −१८ अंश, स्वयंपाकघरात ३१ अंश. फरक किती?
१२) कळसूबाई समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर वर, मृत समुद्राचा काठ साधारण ४४० मीटर खाली. दोघांत उंचीचा फरक किती?

उत्तरं: १) −१३, २७, ०, −४. २) −१५, −९, −१, ०, ४. ३) ५. ४) −५. ५) −१५. ६) −७. ७) −१७. ८) ७. ९) २०. १०) ५. ११) ४९ अंश. १२) साधारण २०८६ मीटर.

पहिल्यातलं चौथं चुकलं तर पायरी ४ परत वाचा, −(−४) आधीच ४ आहे आणि विरुद्ध त्याची मागितलीय. सातवं आणि आठवं चुकलं तर पायरी ७, आणि ती दोन्ही गणितं एकाखाली एक लिहून लाल-निळी करा. अकरावं १३ आलं असेल तर तुम्ही चिन्ह बघितलंच नाही. सगळी आली असतील तर सातवीचं पुस्तक उघडा, त्यात पूर्णांकांचा गुणाकार-भागाकार आहे, तो आता पटकन जाईल.